आजाराचं नाव नंतर, आधी श्वास बघा

पत्राचा सारांश: रुग्णवाहिका तंत्रज्ञ होण्यासाठी शिकणाऱ्या एका तरुणीने लिहिलं आहे. वर्गातल्या परीक्षांत तिला चांगले गुण पडतात, पण गाडीवर प्रत्यक्ष काम सुरू झाल्यापासून तिचा धीर सुटत चालला आहे. दोन प्रसंग ती सांगते. पहिल्यात दम लागलेले एक वयस्क गृहस्थ होते. तिने आधी बीपीचा कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) बांधला, तो नीट बसेना, म्हणून पुन्हा बांधला. तेवढ्यात त्यांचे ओठ निळसर झाले आणि वरिष्ठांनी तिला बाजूला सारून ऑक्सिजन लावला. दुसऱ्यात, दुचाकीवरून पडलेल्या तरुणाला ती शिकवल्याप्रमाणे डोक्यापासून पायापर्यंत तपासत होती, तर तेच वरिष्ठ ओरडले, "उचल आणि निघ, इथे काय करत बसलीस?" ती विचारते: "वर्गात म्हणतात एकही पायरी सोडू नका, रस्त्यावर म्हणतात वेळ घालवू नका. मला तर रुग्णाला काय झालंय तेच ओळखता येत नाही. आधी आणखी वैद्यकशास्त्र वाचू, की आपला हा पिंडच नाही असं समजून सोडून देऊ?"

उत्तर:

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात. रुग्णाला काय झालंय हे ओळखणं हे आपलं पहिलं काम, आणि ते जमत नाही म्हणून पुढचं सगळं अडतं, असं तुम्हाला वाटतंय. त्या वयस्क गृहस्थांचंच बघा. त्यांचा दम दम्याचा असू शकतो, हृदय कमी पडून फुप्फुसांत पाणी साचल्याचा असू शकतो, न्यूमोनियाचा असू शकतो, फुप्फुसात अडकलेल्या गुठळीचाही असू शकतो. एक्स-रे, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या हाताशी असूनही डॉक्टरांना हे उलगडायला वेळ लागतो. पण या चारही कारणांत पहिल्या दोन मिनिटांत तुम्ही करायचं काम जवळजवळ एकच आहे. त्यांना बसतं करायचं, ऑक्सिजन लावायचा, श्वास मोजायचा, ते थकत चाललेत का यावर नजर ठेवायची आणि अँबू बॅग (हाताने पिळून रुग्णाला श्वास देण्याची पिशवी) काढून जवळ ठेवायची. आजाराचं नाव कळलं असतं तरी तुम्ही हेच केलं असतं.

तुम्ही पाठ केलेला क्रम नाव माहीत नसलेल्या माणसासाठीच बनवलेला आहे. मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी अंग उघडून बघणं. माणूस कशाने किती लवकर दगावतो, त्यावरून हा क्रम लागलेला आहे. त्यामुळे तो फॉर्म भरल्यासारखा वरून खाली भरत जायचा नसतो. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न असतो, आणि तिथे बिघाड सापडला की तिथेच थांबून तो दुरुस्त करायचा, मगच पुढची पायरी. बीपीचा आकडा या पहिल्या फेरीत येतच नाही. म्हणजे कफ नीट बसला नाही हे तुमचं अपयश नव्हतं. तो त्या क्षणी बांधायचाच नव्हता, एवढंच.

आता एकेका पायरीवर नेमकं काय बघायचं आणि कुठे घसरायला होतं, ते सांगते. शिकाऊ मंडळींची पत्रं पुष्कळदा याच जागी अडलेली असतात.

गाडीतून उतरण्याआधीच काम सुरू होतं. येणारी वाहनं, तुटलेली वीजतार, गॅसचा वास, आग, भांडण. यातलं काही असेल तर पाऊल टाकायचं नाही. जखमी झालेला तंत्रज्ञ म्हणजे वाढलेला एक रुग्ण. हातमोजे गाडीतच चढवा. रुग्ण किती आहेत हे मोजा आणि एकापेक्षा जास्त असतील तर पहिल्याला हात लावण्याआधी जादा मदत मागवा. एकदा कामाला लागलात की हा फोन राहून जातो.

मोठा रक्तस्राव म्हणजे कपडे भिजवून जमिनीवर साचणारं किंवा उसळ्या मारणारं रक्त. आधी जखमेवर थेट, जोर लावून दाब. हातापायातून रक्त येत असेल आणि दाबाने थांबत नसेल तर टर्निकेट (हातपाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा) जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत आणि पुढची नाडी लागेनाशी होईपर्यंत तो आवळायचा. इथे सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे रुग्ण कळवळतो म्हणून तो ढिला ठेवणं. ढिल्या टर्निकेटने शीर दबते, धमनी चालूच राहते, आणि रक्त आत येत राहून परत जाऊ शकत नसल्याने रक्तस्राव उलट वाढतो. बांधल्याची वेळ लिहा आणि रुग्णालयापर्यंत तो सैल करू नका. जांघ किंवा काख अशा जागी टर्निकेट बसत नाही. तिथे गॉझ जखमेत खोलवर ठासून भरायचा आणि वरून दाब धरायचा. रक्त गोठवणारा खास गॉझ असला तर निदान ३ मिनिटं, साधा असला तर आणखी जास्त. मध्ये उचलून बघायचं नाही.

श्वासमार्ग तपासायला यंत्र लागत नाही, कान लागतात. रुग्ण स्पष्ट बोलत असेल तर मार्ग सध्या मोकळा आहे. घोरल्यासारखा आवाज येत असेल तर जीभ मागे पडली आहे, तेव्हा मान मागे आणि हनुवटी वर. मानेला मार लागल्याचा संशय असेल तर मान न हलवता दोन्ही हातांनी जबडा पुढे उचला. पण तेवढ्याने मार्ग मोकळा होत नसेल तर मान थोडी मागे करावीच लागते, श्वास आधी. गुळगुळ आवाज म्हणजे आत पातळ काहीतरी आहे, तर सक्शन, म्हणजे यंत्राच्या नळीने ते ओढून काढणं. नळी दिसते तितकीच आत घालायची, ओढ फक्त बाहेर काढताना द्यायची, आणि मोठ्या माणसात एका वेळी १५ सेकंदांहून जास्त नाही, कारण सक्शन चालू असताना त्याला श्वास मिळत नसतो. तोंडातला एअरवे (जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी) निवडताना ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मापा. लहान झाला तर जिभेलाच मागे ढकलतो, मोठा झाला तर घशाचं तोंड झाकतो. आणि घशाला स्पर्श होताच ज्याला उबळ येते त्याला तो घालूच नका, उलटी होईल.

श्वास. इथे जरा थांबू, कारण तुमचा पहिला प्रसंग इथलाच आहे, आणि या धंद्यातला सर्वात जास्त अंदाजाने लिहिला जाणारा आकडाही इथलाच. रुग्णपत्रकं चाळलीत तर कितीतरी रुग्णांचा श्वास मिनिटाला १८ किंवा २० लिहिलेला सापडेल. तो मोजलेला नसतो. ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मनगट धरून, नाडी बघतोय असं दाखवत मोजा, कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. मोठ्या माणसात १२ ते २० हे नेहमीचं. ३० च्या वर गेला किंवा १० च्या खाली आला की धोका धरायचा. आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे तो पूर्ण वाक्य बोलतो, की दोन शब्दांत थांबतो. मानेचे स्नायू ओढले जातायत का, फासळ्यांमधली जागा आत खेचली जातेय का. आणि एक फसवं लक्षण कायम ध्यानात ठेवा: धापा टाकणारा रुग्ण शांत होऊ लागला, डोळे मिटू लागला, श्वास ३६ वरून १४ वर आला, तर तो सुधारलेला नसतो बहुतेक वेळा. तो दमलाय. तेव्हा अँबू बॅग लागते.

पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण दाखवणारं यंत्र) लावा, पण त्याचं ऐकून ऑक्सिजन थांबवू नका. थंड बोट, नेलपॉलिश, थरथर, रक्तदाब खालावलेला, यातल्या कशानेही आकडा चुकतो. धुरात सापडलेल्या माणसात तर तो छान ९८ दाखवतो, कारण रक्तात चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनसारखाच दिसतो. बहुतेक रुग्णांत ९४ ते ९८ टक्के हे लक्ष्य, फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्याचा आजार असलेल्यांत ८८ ते ९२. तरी असा जुना रुग्ण निळा पडत असेल तर 'जास्त ऑक्सिजन नको' म्हणून त्याला ऑक्सिजनविना ठेवू नका, आधी निळेपणा घालवा, मग प्रवाह कमी करत आणा. नाकातल्या नळीतून मिनिटाला १ ते ६ लिटर. खाली ऑक्सिजनची पिशवी जोडलेल्या मास्कला १० ते १५ लिटर, आणि तो तोंडावर ठेवण्याआधी पिशवी पूर्ण फुगू द्यायची. रुग्णाने श्वास घेतल्यावर पिशवी चिकटून सपाट होत असेल तर प्रवाह कमी पडतोय. ४-५ लिटरवर हा मास्क लावणं म्हणजे दमलेल्या माणसाच्या तोंडावर झाकण ठेवण्यासारखं आहे.

ऑक्सिजनचा हिशोब तुम्हाला पाठ हवा, कारण तो जिन्यात उभं राहून करायचा असतो. सिलिंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये, गुणिले गेजवरचा दाब बारमध्ये, म्हणजे आतला ऑक्सिजन लिटरमध्ये. हातात न्यायचा २ लिटरचा सिलिंडर आहे, काटा १०० बारवर आहे, तर २०० लिटर. १५ लिटरने सोडला तर जेमतेम १३ मिनिटं, आणि सिलिंडर तळापर्यंत रिता करायचा नसतो म्हणून मनाशी १० च धरा. चार मजले उतरवायचे असतील तर हा आकडा घरात शिरतानाच ठाऊक हवा. काट्याचीही एक खोड आहे: वॉल्व बंद असला तरी रेग्युलेटरात आधीचा दाब अडकून काटा भरलेला दिसू शकतो. मास्क लावता, काही सेकंद फुसफुस येते आणि बंद. म्हणून पाळीच्या सुरुवातीला वॉल्व उघडून, प्रवाह सोडूनच काटा वाचायचा. वॉल्व हळू उघडा. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.

अँबू बॅगेवर पुतळ्यासोबत तासन् तास घालवा. हे पुस्तकातून येत नाही. मोठ्यांची पिशवी साधारण दीड लिटरची असते आणि रुग्णाला एका श्वासाला लागतात ५०० ते ६०० मिलिलिटर. म्हणजे पिशवी पूर्ण पिळायचीच नाही. तिसरा भाग, एक सेकंद लावून, छाती उचललेली दिसली की सोडा. नाडी असलेल्या मोठ्या माणसाला दर ६ सेकंदांनी एक श्वास, लहान मुलाला दर २ ते ३ सेकंदांनी. घाबरलेला हात मात्र दर दोन सेकंदांनी पूर्ण पिळतो. मग हवा पोटात जाते, पोट फुगतं, उलटी होते, ती फुप्फुसात जाते. शिवाय छातीतला दाब वाढल्याने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि आधीच खालावलेला रक्तदाब आणखी पडतो. मोठ्याने मोजा, "एक श्वास, दोन, तीन, चार, पाच, सहा", मग पुढचा. दुसरी नेहमीची चूक मास्क चेहऱ्यावर दाबण्याची. दाबला की हनुवटी खाली जाते आणि मार्ग बंद होतो. करंगळीपासूनची तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली घालून जबडा मास्कमध्ये वर ओढायचा. एकट्याने हे नीट जमणं अनुभवी हातांनाही जड जातं. दुसरा माणूस असेल तर एकाने दोन्ही हातांनी मास्क धरावा, दुसऱ्याने पिशवी दाबावी. छाती उचलत नसेल तर जोर वाढवू नका. आधी मानेची स्थिती, मग मास्कची फट, मग आत काही अडकलंय का.

रक्ताभिसरणासाठी हात मनगटावर. नाडी लागते का, वेगवान आहे का, त्वचा गार आणि ओलसर आहे का. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागतात का. तरुण माणूस आणि लहान मूल बरंच रक्त गेल्यावरही रक्तदाब टिकवून धरतात आणि मग एकदम कोसळतात. म्हणून '११० आहे, ठीक आहे' यावर विसंबू नका. फिकट, घामेजलेला, अस्वस्थ, नाडी १३० असलेला तरुण ठीक नसतो. बीपी घ्यायचं ते नंतर, योग्य मापाच्या कफने. दंडाला लहान पडणारा कफ रक्तदाब खोटा जास्त दाखवतो. तुमचा कफ 'बसेना' त्याचं कारण बहुधा हेच होतं, बॅगेत मोठ्या दंडाचा कफ आहे का ते बघून घ्या.

शुद्ध तपासताना चारच प्रश्न: जागा आहे का, हाकेला ओ देतो का, दुखवल्यावर हालचाल करतो का, की काहीच नाही. बाहुल्या बघा. आणि शुद्ध कमीजास्त असलेल्या प्रत्येकाची साखर तपासा. प्रत्येकाची, दारूचा वास येत असला तरी, एक बाजू लुळी असली तरी. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेला माणूस झिंगलेला, वेडावलेला किंवा अर्धांग झालेला दिसू शकतो. पक्षाघाताचा संशय असेल तर नातेवाइकांना 'कधी सापडले' एवढंच विचारू नका, 'शेवटचे ठणठणीत कधी दिसले होते' ते विचारा. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साधारण साडेचार तासांची मुदत त्या वेळेपासून मोजतात. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असेल तर घड्याळ रात्री झोपण्याच्या वेळेपासून धरायचं.

मग अंग उघडून बघा, पाठीकडची बाजू विसरू नका, आणि लगेच पांघरूण घाला. गार पडलेल्या माणसाचं रक्त नीट गोठत नाही.

हे सगळं वाचायला लांबलचक वाटलं तरी सरावलेल्या हाताला पहिली फेरी दीड-दोन मिनिटांची आहे. आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. वर्ग आणि रस्ता एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं तुम्हाला वाटतं, पण ते दोन वेगवेगळ्या तपासण्यांबद्दल बोलतायत. ही पहिली फेरी कधीच, कुणासाठीही सोडायची नाही. डोक्यापासून पायापर्यंतची सविस्तर तपासणी ही दुसरी गोष्ट. जबर मार लागलेल्या रुग्णाची ती चालत्या गाडीत होते, किंवा वरच्याच पायऱ्यांवर हात गुंतलेले असतील तर होतही नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. पोटात रक्तस्राव होत असेल तर त्याचा इलाज शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे, रस्त्यावर नाही. अशा वेळी जागेवर १० मिनिटांच्या वर थांबू नये. तुमच्या वरिष्ठांचं ओरडणं त्या दृष्टीने बरोबर होतं. फक्त 'उचल आणि निघ' याचा अर्थ वाहतं रक्त आणि गुळगुळणारा घसा तसाच ठेवून निघ, असा होत नाही.

उलट, काही रुग्णांत थांबणंच बरोबर. हृदय बंद पडलंय तर तिथल्या तिथे, कडक जमिनीवर सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) सुरू. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाबांना २ श्वास, दर २ मिनिटांनी माणूस बदलायचा, एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) आल्याबरोबर लावायचा, आणि कुठलाही खंड १० सेकंदांच्या आत. चालत्या गाडीत दाब उथळ होतात, हात घसरतो, आणि दाबणारा पडतो. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे, त्याने फसून सीपीआर लांबवू नका. साखर उतरलेल्याला जागेवरच साखर. जोराच्या दम्यात फवाऱ्याचं औषध तिथेच सुरू करून मग हालवाहालव. बाळंतिणीच्या कळेसोबत बाळाचं डोकं दिसत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि बाळंतपण करा. छातीत दुखणं आणि पक्षाघात या दोहोंत निघायचं लवकर, पण रुग्णालयाला आधी फोन करून. तिथली माणसं आणि यंत्रं तयार राहण्यात जितका वेळ वाचतो, तितका भरधाव गाडी हाकण्यात वाचत नाही. औषधांबाबत अर्थातच तुमच्या सेवेचे लेखी नियम आणि फोनवरच्या डॉक्टरांचा आदेश, त्याबाहेर काही नाही.

वेळ खरा कुठे जातो, तेही बघा. हात हळू चालल्याने तो फारसा जात नाही, वस्तू आणायला गाडीकडे परत जाण्यात जातो. ऑक्सिजन, अँबू बॅग, सक्शन, एईडी आणि पट्ट्यांची पिशवी पहिल्याच फेरीत रुग्णाजवळ न्या, फोनवर 'साधी चक्कर' सांगितलं असलं तरी. आणि पाळीच्या सुरुवातीला प्रत्येक वस्तू चालवून बघा. सक्शनची नळी मुडपून धरली की ओढीचा काटा पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरच्या वर जायला हवा. अँबू बॅगेचं तोंड तळहाताने बंद करून पिळली की ती दबता कामा नये. एईडीचे पॅड कालबाह्य झालेत का, जादा जोडी आहे का, ओली छाती पुसायला टॉवेल आहे का.

आणखी वाचू का, असं विचारलंत. वाचा, पण आत्ता त्याने तुमचा अडसर सुटणार नाही. तुम्हाला माहिती कमी पडत नाही, सुरुवात सापडत नाही. त्यासाठी पहिली २० सेकंद ठरवून टाका, प्रत्येक रुग्णाला तीच. समोर बसा, नाव सांगा, "काय त्रास होतोय?" विचारा, आणि विचारताना हात मनगटावर ठेवा. तो एका वाक्यात उत्तर देतो तोवर तुम्हाला कळलेलं असतं की श्वासमार्ग मोकळा आहे, वाक्य पुरं करण्याइतका श्वास आहे, शुद्ध आहे, नाडी लागते, त्वचा गार आहे की गरम. हात थरथरला तरी हे करता येतं. सोबतच्या प्रशिक्षणार्थ्याला रुग्ण बनवा, घड्याळ लावा, आणि प्रत्येक पायरी मोठ्याने बोला: "श्वासमार्ग मोकळा. श्वास २८. ऑक्सिजन लावते." मोठ्याने बोलण्याचा गाडीवरही उपयोग होतो, वरिष्ठांना तुम्ही कुठे आहात ते कळतं आणि ते तुम्हाला ढकलून पुढे येत नाहीत.

न ओळखता आलेल्या आजाराचं रुग्णालयात काय सांगायचं, हीही धास्ती असेलच. नाव सांगायची गरज नाही. वय, काय आणि कधी झालं, काय सापडलं, आकडे कसे बदलले, आपण काय केलं. मिनिटभरात. "सत्तरीचे गृहस्थ, दोन तासांपासून दम, भेटलो तेव्हा श्वास ३६ आणि ऑक्सिजन ८४, दोन शब्दांत थांबत होते, मास्कने १५ लिटर दिल्यावर श्वास २८, ऑक्सिजन ९३, आता वाक्य बोलतात." याच्यापुढे 'बहुतेक दमा' जोडण्याने डॉक्टरांना काही मिळत नाही. हे बदलते आकडे हातात यावेत म्हणून गंभीर रुग्णाची तपासणी दर ५ मिनिटांनी, स्थिर असेल तर १५ मिनिटांनी पुन्हा. आणि न मोजलेला आकडा कधीही लिहू नका, शेजारी बसलेल्या कुणी 'लिहून टाक १२०-८०' म्हटलं तरी. पुढचा डॉक्टर त्यावर औषध ठरवतो.

वरिष्ठांशी बोला, पण रुग्णासमोर नाही आणि त्याच तावातही नाही. गाडी पुसताना, सामान भरताना विचारा. 'माझं काय चुकलं' विचारलंत तर 'सगळंच' असं उत्तर येऊ शकतं. त्यापेक्षा "सर, निघायचं तुम्ही कुठल्या क्षणी ठरवलंत? काय दिसलं तुम्हाला?" असं विचारा. अनुभवी माणसाला पुष्कळदा स्वतःलाही सांगता येत नाही की त्याने दारातूनच रंग, घाम आणि बसण्याची ढब वाचली होती, विचारल्यावर ते शब्दांत येतं. पुढच्या पाळीआधी कामाची वाटणीही ठरवून घ्या: एक जण रुग्णाशी बोलणार आणि निर्णय घेणार, दुसऱ्याचे हात. दोन आठवडे फक्त श्वासमार्ग आणि श्वास तुमच्याकडे द्या असं मागा, मग पुढचं.

सोडण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या दोन प्रसंगांवरून नाही. शिकताना गोठून जाणं हे पिंडाचं लक्षण नाही, सुरुवात हाताला न बसल्याचं आहे, आणि ती बसवता येते. असा सराव काही महिने, कुणाच्या नजरेखाली करूनही रुग्णासमोर हात उचलतच नसतील तर नियंत्रण कक्ष, प्रशिक्षण, सामानाची व्यवस्था अशी याच सेवेतली कामं आहेत, त्यांचा विचार करायला हरकत नाही. वेगळी गोष्ट अशी की झोप उडाली असेल, एखादं दृश्य पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल, कामावर जाण्याआधी पोटात गोळा येत असेल आणि हे महिन्याच्या पुढे चालू राहिलं तर प्रशिक्षकांना सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्याला उपचार आहेत, आणि ते घेऊन माणसं याच कामावर परत येतात.